बेस कुठं बसून ऐकायचा

बेस म्हणजे काय, हे आमच्या मेडशीत कुणालाही विचारा. सांगता येणार नाही, पण तपासून दाखवतील. साउंडचा खोका मैदानात ठेवायचा, त्याच्या डोक्यावर मूठभर सोयाबीन टाकायचं आणि गाणं लावायचं. दाणे टणाटण उडाले की बेस पास. उडून खाली सांडले तर पहिल्या नंबरात पास. आणि दाणे जागच्या जागी बसून राहिले, तर त्या साउंडवाल्याने टेम्पो वळवावा आणि गुपचूप घरचा रस्ता धरावा. ही परीक्षा कोणी शोधून काढली देव जाणे, पण माझ्या बाबांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. माझं म्हणणं असं की ही परीक्षा म्हणजे शुद्ध येडेपणा आहे. हे मी आजही म्हणते, तेव्हाही म्हणत होते, आणि तेव्हा कोणी ऐकायचं नाही म्हणून माझं डोकं कायम तापलेलं असायचं.

मी साक्षी. माझे बाबा गोविंदा, मेडशीतले साउंडवाले. सोयाबीन आणि तुरीचं वावर आहे थोडंसं, पण बाबांचा जीव साउंडमध्ये. लग्न असो, नामकरण असो, चौदा एप्रिलची जयंती असो, ‘भागिरथा साउंड सर्व्हिस’ हजर. भागिरथा माझ्या आईचं नाव. लग्नाच्या वर्षीच बाबांनी स्वतःच्या हातानं दोन मोठे बेसचे खोके बनवले, त्यावर निळ्या रंगात तिचं नाव घातलं, आणि तेव्हापासून त्या खोक्यांना ते घरातल्या माणसासारखं जपतात. माझ्या दहावीच्या निकालाला पेढे विसरले होते, पण त्या खोक्यांना उन्हाळ्यात एकदा पॉलिश मारायचं कधी विसरले नाहीत.

ते खोके साधे. समोर जाळी, जाळीच्या मागे मोठा स्पीकर, आवाज सरळ तोंडावर. मला करायचा होता भोंग्याचा बेस. त्यात स्पीकर आत लपलेला असतो. त्याच्या पुढ्यात एक अरुंद वाट असते, ती वळत वळत, रुंद होत होत बाहेर येते, आणि खोक्याचं तोंड म्हणजे त्या भोंग्याचं तोंड. वावराच्या धुऱ्यावरून कुणाला हाक मारायची तर आपण तोंडाभोवती पंजे धरतो ना, तेच. फक्त बेसच्या जाड आवाजाला भोंगा लांबलचक लागतो. सरळ केला तर टेम्पोत मावायचा नाही, म्हणून खोक्याच्या पोटात दुमडायचा. त्याच करंटमध्ये आवाज जास्त निघतो आणि लांब जातो. हे मी बाबांना इतक्यांदा समजावलं की शेवटी मी तोंड उघडलं की ते बाहेर सटकायला चप्पल शोधायला लागायचे.

“स्पीकर दिसतच नाई त्याच्यात,” ते म्हणायचे. “लोकं म्हनतीन, गोविंदानं रिकामा खोका आनला.”

मग काय, मीच बनवायचं ठरवलं. वाशीमला बी.एस्सी. करताना भौतिकशास्त्र शिकले होते, पण खरं सांगायचं तर परीक्षेनंतर त्यातलं निम्मं उडून गेलं होतं. व्हिडिओ पाहिले, पुठ्ठ्याचे तुकडे कापून वाट दुमडून पाहिली, दोनदा चुकलं, एकदा जुना स्पीकर जाळला. शेवटी माप जमलं. अडचण एकच होती, प्लायवूडची.

प्लायवूड घरात होतं. आईच्या पलंगामागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या जाड, मजबूत फळ्या. तिला दिवाण करायचा होता. आत गोधड्या ठेवायला कप्पा असलेला, वर पाहुणे बसले तरी न करकरणारा दिवाण. ती भाचीच्या लग्नाला रिठदला गेली आणि मी किशन मिस्त्रीला बोलावलं. “आईले माहीत हाये” असं मी त्याला बिलकूल म्हणाले नाही. मी फक्त म्हणाले, “आई रिठदले गेली.” त्यानं काय समजायचं ते तो समजला आणि करवत चालवली.

आई परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिची नजर भिंतीकडे गेली.

“माहा दिवाण कुठी हाये?”

मी अंगणातल्या दोन खोक्यांकडे बोट दाखवलं.

त्यानंतर जे झालं ते शेजारच्या दुर्गाबाई मावशींनी पुढचे कितीतरी दिवस गल्लीभर सांगितलं. आईचा तोल सुटला की ती भांडत नाही, ती मोजायला लागते. तिनं टेप आणला आणि माझे भोंगे मोजायला सुरुवात केली. “ही फळी निघन. हे झाकन होईन. हे आतलं वाकडंतिकडं काय केलं व तू, याचं काय करू मी, कोंबड्या ठेवू?” मी म्हटलं, आई, हात लावू नकोस. ती म्हणाली, हात नाही, करवत लावणार आहे. मी ओरडले, ती ओरडली, आणि बाबा चप्पल शोधायला लागले.

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. जयंतीच्या आधी आसेगावचे जगदेवकाका येऊन खोके तपासतील. काकांनी पास केले, तर यंदाच्या जयंतीला माझे भोंगे लागतील आणि आईला पुढं कधीतरी नवा प्लायवूड. नापास केले, तर त्याच दिवशी भोंगे कापायचे आणि दिवाण करायचा.

“मंजूर,” आई म्हणाली. तिला निकाल आधीच माहीत होता. मलाही धाकधूक होतीच, पण मीही मंजूर म्हटलं. मागं हटेन तर मी गोविंदाची पोरगी कसली!

जगदेवकाका म्हणजे आमच्या भागातले बेसचे मोठे जाणकार. पूर्वी ते गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. आता वयामुळे बोटं दुखतात म्हणून बंद केलंय, पण कुठलाही नवा साउंड आला की लोक त्यांना बोलावतात. शर्टाच्या खिशात ते स्वतःचं सोयाबीन घेऊन फिरतात. दुसऱ्याच्या घरचं चालत नाही. सादळलेला दाणा उडत नाही आणि मग उगीच साउंडवाल्याची बदनामी होते, असं त्यांचं म्हणणं.

मार्च संपत आला होता. रविवारी सकाळी काका एसटीनं उतरले. विहाराच्या मैदानात एका टोकाला जयंतीचा मंच घालतात. तिथं बाबांनी आपले दोन खोके आणि माझे दोन भोंगे शेजारी शेजारी मांडले. पेटी आणि गळ्याच्या आवाजाचे नेहमीचे छोटे स्पीकर वर होतेच, ते दोन्ही वेळा तेच राहणार होते. मैदान लांबडं आहे. पार दुसऱ्या टोकाला कडुनिंबाखाली बायका सतरंजीवर बसून जयंतीच्या जेवणासाठी तुरीची डाळ निवडत होत्या. कार्यक्रमातही बायका तिथंच बसतात. पुढं माणसं, मधे पोरंटोरं, मागं बायका. लहान लेकरू रडलं तर उठून जाता येतं म्हणे, आणि कडुनिंबाची सावली असते म्हणे. मी मात्र लहानपणापासून बाबांच्या मिक्सरपाशीच बसायचे, साउंडवाल्याची पोरगी म्हणून.

“काय गा गोविंदा,” काका म्हणाले, “पोरीनं काय बनवलं, दाखव.”

बाबांनी माझ्या भोंग्याकडे हात केला. काकांनी वाकून त्याच्या तोंडात पाहिलं. मग डोकं आत घातलं.

“स्पीकर कुठी हाये?”

“आत हाय काका, दुमडीच्या मागं,” मी म्हटलं.

“आत? लपवला काहून? चोरून आनला का?”

सगळे हसले. टेम्पो चालवणारे राजूभाऊ सर्वात मोठ्यानं हसले. मी दात आवळून उभी राहिले.

आधी बाबांच्या खोक्याची पाळी. गाणं म्हणून काकांच्याच गायन पार्टीचं जुनं रेकॉर्डिंग लावायचं ठरलं. ढोलकी स्वतः काकांची, त्यामुळे तिच्यात कुठं काय वाजतं ते त्यांना पाठ. काकांनी खिशातून सोयाबीन काढून खोक्यावर पसरलं. राजूभाऊंनी आवाज सोडला. धाड, धाड, धाड! दाणे असे उडायला लागले की एक काकांच्या मिशीत गेला. खोक्याचं झाकण थरथरत होतं, जाळी खणखणत होती. बाबांचं तोंड आनंदानं फुललं.

“वा रे पठ्ठे!” काका म्हणाले. “अजून तसाच हाये.”

मग माझा भोंगा. तोच अॅम्प, तेच गाणं, आवाजाच्या बटणाला हात न लावता राजूभाऊंनी फक्त वायर बदलली. काकांनी दाणे पसरले.

दाणे हललेसुद्धा नाहीत.

मी वाकून पाहिलं. एक दाणा जरासा घरंगळला, तोसुद्धा वाऱ्यानं. काकांनी झाकणावर पंजा ठेवला. मग कान लावला. मग माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता हे सांत्वनाला चहा पाजतात.

“काका, झाकण हलत नाही कारण आत मी आडव्या पट्ट्या मारल्यात,” मी म्हटलं. “झाकण हललं म्हणजे प्लायवूड कच्चं. आवाज लाकूड हलवण्यात वाया जातो, बाहेर कमी निघतो. तुम्ही खोका तपासून राह्यले, आवाज नाही!”

“पोरी,” काका म्हणाले, “मी इथी उभा हावो. मले पोटात धक्का लागला पायजे. तुह्या बापाच्या खोक्यानं लागला. तुह्याच्यानं नाई लागला. एवढंच.”

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं बोलत होते. मीही तिथंच उभी होते. बाबांच्या खोक्यासमोर छाती हादरत होती आणि माझा भोंगा, माझ्या इतक्या दिवसांच्या मेहनतीचा भोंगा, त्याच्यापुढं शांतच वाटत होता. घरी अंगणात वाजवून पाहिला तेव्हाही असंच वाटलं होतं. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की अंगण लहान आहे म्हणून. आता तर मैदान होतं.

“नापास,” जगदेवकाका हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

आईनं तिथल्या तिथे किशन मिस्त्रीला फोन लावला. “हो, आजच. करवत घेऊन ये. हो, त्याच प्लायवूडचा.”

बाबा माझ्याकडं बघेनात. त्यांना जिंकल्याचा आनंद होता आणि तो माझ्यासमोर दाखवता येत नव्हता, त्यामुळे ते उगीचच वायरी गुंडाळत होते. मला ते पाहवेना. “राहू द्या सगळं! कापा! जाळून टाका!” असं ओरडून मी फणकाऱ्यानं मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं निघाले. कडुनिंबाखाली पाण्याचा माठ होता. पाणी प्यायचं आणि घरी जाऊन दार लावून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

गाणं मागं चालूच होतं. काकांची ढोलकी मधेच बंद कशी करायची, म्हणून राजूभाऊंनी ते तसंच ठेवलं होतं.

मी चालत होते आणि आपल्याच रागात होते, म्हणून आधी लक्षात आलं नाही. माठाजवळ पोचले, पेला बुडवला आणि थांबले. पोटात काहीतरी वाजत होतं. ढोलकीच्या डाव्या अंगाचा तो जाड, गोल ठोका मला पोटात लागत होता. गडबड नाही, खणखण नाही. नुसता ठोका आणि त्याच्यावर स्वच्छ गाणं.

“आज काय लावलं व साक्षी?” दुर्गाबाई मावशी डाळीतून डोकं वर काढून म्हणाल्या. “आज ढोलकी आयकू येऊन राह्यली.”

“म्हणजे? रोज नाही येत?”

“इथी? इथी कुठली ढोलकी वो! इथी नुस्तं चिरचिर येते. मंग डोकं दुखते आन आमी घरी जातो.”

मी पेला तसाच टाकला आणि दोन्ही पंजे तोंडाभोवती धरून ओरडले, “राजूभाऊऽऽ, जुने लावाऽऽ!”

राजूभाऊंनी वायर बदलली. आणि माझ्यासमोर जादू व्हावी तशी ढोलकी गायब झाली. पेटी ऐकू येत होती, गाणाऱ्याचा आवाज ऐकू येत होता, कर्कश टाळ ऐकू येत होते. ढोलकीचं उजवं अंग टकटक करत होतं. डावं अंग नाहीच. तिथं मंचाजवळ जो खोका माणसांच्या छात्या हादरवत होता, त्याचा इथपर्यंत मागमूस नव्हता.

“हां,” मावशी म्हणाल्या आणि पुन्हा डाळीत शिरल्या. “आता नेहमीसारखं झालं.”

इतकी वर्षं मी मिक्सरपाशी बसले आणि एकदाही इथं येऊन ऐकलं नाही. माझंसुद्धा डोकं पुढच्या माणसांसारखंच, खोक्याला चिकटलेलं.

तेवढ्यात आई तरातरा आली. “काय तमाशा लावला? किशन निंगाला तिकून. चाल, त्या खोक्यातला स्पीकर काढून दे.”

“आई, एक मिनिट बस.”

“मी नाई बसत.”

“बस म्हणते ना! एक काम कर, मग करवत मी स्वतः धरते.”

माझा अवतार बघून ती बसली. मी सगळ्या बायकांना मंचाकडं पाठ करून बसायला सांगितलं. सुपं बाजूला ठेवायला लावली. “दोन वेळा गाणं लागेल. पहिला साउंड आणि दुसरा साउंड. वळून पाहायचं नाही. जो चांगला वाटेल त्याला हात वर करायचा.” बायकांना मजा वाटली. एकीनं तर डोळ्यांवर पदरही ओढून घेतला. आई मात्र ताठ बसली होती, निकाल आपल्या खिशात असल्यासारखी.

मी राजूभाऊंना फोन करून सांगितलं, आधी कोणते आणि मग कोणते. आवाजाला हात लावायचा नाही, हे तीनदा बजावलं.

पहिला वाजला. एक म्हणाली, “बरा हाये.” दुसरी म्हणाली, “कानात टोचते थोडा.”

दुसरा वाजला. आणि मी आईकडं पाहत होते. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तिचा पाय हलायला लागला. मग मान. मग ती डोळे मिटून बसली आणि तिचा उजवा हात मांडीवर ठेका धरू लागला. मी माझ्या आईला गाण्यावर ठेका धरताना तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटायचं तिला गाण्याची आवडच नाही.

“हां, आता सांगा. पहिला?”

एकही हात नाही.

“दुसरा?”

सगळे हात वर. आणि त्यात सर्वात आधी, सर्वात उंच, माझ्या आईचा.

“याले म्हनते साउंड!” आई डोळे उघडून म्हणाली. “पाह्यलं का? हे तुह्या बापाचं काम हाय. त्यायच्या हातचं हाय ते. तू चार व्हिडिओ पाहून बापाची बरोबरी करतं म्हनतं?”

मी म्हटलं, “आई, वळून पाहा.”

ती वळली. दूर मंचापाशी बाबांच्या खोक्यांची वायर मोकळी जमिनीवर पडली होती. राजूभाऊ माझ्या भोंग्याला टेकून उभे होते आणि आमच्याकडं पाहून हात हलवत होते.

बायकांनी एकच कल्ला केला. दुर्गाबाई मावशी हसता हसता सुपावर पडता पडता वाचल्या. “भागिरथाऽ, तुहा दिवाण गेला वो, तुह्या हातानंच गेला!” आई हसली नाही. ती वर केलेला हात तसाच धरून मंचाकडं पाहत राहिली.

तो गोंधळ ऐकून बाबा आणि काका लगबगीनं आले. दोघांना वाटलं, कुणाला विंचू चावला की काय. कडुनिंबाच्या सावलीत आले आणि जगदेवकाका उचललेलं पाऊल तसंच धरून थांबले. माझ्या भोंग्यावर त्यांचीच ढोलकी वाजत होती. ते दोन पावलं पुढं गेले, परत मागं आले. मान वाकडी करून ऐकलं. आपला डावा पंजा डोळ्यांसमोर धरून पाहिला.

“गोविंदा,” ते म्हणाले, “अबे, माहा डावा हात इथवर येऊन राह्यला!”

“कायचा हात?” बाबा वैतागले. त्यांना अजून काही समजलं नव्हतं. “काय झालं काय इथी?”

मी बोलणार होते. तोंडावर सगळं तयार होतं, पट्ट्या, प्लायवूड, भोंगा, वाया जाणारा आवाज, सगळं. पण आई उठून उभी राहिली.

“अवो,” ती बाबांना म्हणाली, “तुमचा साउंड असा वाजते का?”

“कसा?”

“असा. ढोलकी अशी पोटात येते का पुढं बसलं की?”

“येते ना मंग. बेस म्हनते त्याले. तुले काय आजच समजलं?”

“हो,” आई म्हणाली. “आजच समजलं.”

बाबांनी मला ‘माझे लाव’ अशी खूण केली. मी राजूभाऊंना हात केला आणि त्यांनी वायर बदलली. बाबांचे खोके सुरू झाले. बाबा कडुनिंबाखाली, बायकांच्या सतरंजीच्या कडेवर उभे होते. या जागेवर ते आयुष्यात पहिल्यांदा आले असतील. साउंडवाल्याचं काय काम मागं? त्यांनी कान टवकारले. चिरचिर, टकटक, पेटी, टाळ. त्यांनी मंचाकडं पाहिलं, पुन्हा ऐकलं, मग दोन्ही कानांत करंगळी घालून कान साफ केले.

“वायर ढिली झाली असन,” ते म्हणाले.

“वायर बरोबर हाये,” दुर्गाबाई मावशी म्हणाल्या. “आमी इथी हेच आयकतो.”

बाबा आईकडं वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “भागिरथा, दर जयंतीले घरी आलो का मी तुले पयलं काय इचारतो?”

“बेस कसा होता, हे इचारता.”

“अन् तू काय म्हनतं?”

“लय मस्त होता म्हनतो.”

“मंग?” बाबा एक पाऊल पुढं आले. “मंग तुले आयकूच येत नोता तर मस्त काहून म्हनत होती?”

आई पदराशी चाळा करत राहिली. माझी आई, जी टेप घेऊन माझ्या अंगावर धावली होती, ती सगळ्या बायकांसमोर अशी लाजली की मला ओळखू येईना.

“तुमी दिवसभर उन्हातान्हात वायरी ओढता,” ती म्हणाली. “जेवाचं भान नसते. घरी येता तं तोंड असं उजळलेलं राह्यते. त्या तोंडाले मी काय सांगू, का मले नाई आयकू आला? मले वाटे, बायकायले येत नसन आयकू. मानसायलेच येत असन बेस.”

गाणं चिरचिरत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. जगदेवकाका सतरंजीवर टेकले आणि दुर्गाबाई मावशींनी न विचारता त्यांच्या पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला. बाबा तसेच उभे होते. ज्या खोक्यांवर तिचं नाव घालून त्यांनी गावोगाव मिरवलं, त्यांच्याकडं ते पाहत होते.

“राजूऽ,” त्यांनी हाक मारली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा मारली. “राजूऽ, पोरीवाले लाव!”

ठोका पुन्हा जमिनीतून वर आला. बाबा खाली बसले. बायकांच्या सतरंजीवर, आईच्या शेजारी, मांडी घालून. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, पण ते उठले नाहीत. डोळे मिटून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर म्हणाले, “अजून एक डाव.” तेही ऐकलं.

तिसऱ्यांदा गाणं लागायच्या बेताला किशन मिस्त्री सायकलवरून आला. खांद्याला पिशवी, पिशवीतून करवतीची मूठ बाहेर. मंचापाशी कोणी नाही बघून तो तसाच मैदान ओलांडून आमच्याकडं आला. बाबांना बायकांमध्ये बसलेलं पाहून तो गोंधळला.

“कापाचे कोनते हायेत, काकू?” त्यानं आईला विचारलं.

आईनं तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले.

“जुने काप.”

“अवो!” आई ओरडली. “येडे झाले का? तुमच्या हातचे हायेत ते!”

“बाबा, राहू द्या,” मीसुद्धा म्हणाले. खरंच म्हणाले. मला जिंकायचं होतं, पण असं नव्हतं जिंकायचं. “ते पुढं ठेवू, माझे मागं ठेवू. दोन्ही लावता येतात.”

“स्पीकर काढून घे त्यातले,” बाबा मला म्हणाले. “तुले अजून दोन भोंगे लागतीन, त्यात घाल. खोके किशनले दे.” मग आईकडं वळून, तिच्याकडं न पाहता, म्हणाले, “प्लायवूड जुनं हाय, पन चांगलं हाय. पॉलिश मारेल हाय दर साली. दिवाण झाकपाक होईन.”

आईनं डोळे पुसून कमरेचा टेप काढला. तो ती सकाळपासून कमरेला खोचूनच फिरत होती. तिनं तो किशनच्या हातात दिला.

“लांबी जास्त धरजो,” ती त्याला म्हणाली. “दुपारी हे लवंडतात तं यायचे पाय बाहीर येतात.”